डोंगरावरचा वारा आणि माणसाचे भय



विमान डोंगराजवळ आले की हेलकावे खाऊ लागते आणि आत बसलेल्या भल्याभल्यांच्या छातीत धडकी भरते. या भयाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ते अगदीच निराधार नव्हते, आणि ओसरले तेही केवळ धाडसाच्या बळावर नव्हे, असे दिसून येते.

वारा दिसत नाही, हे या भयाचे मूळ होय. आपल्या सह्याद्रीने मात्र तो दृश्य करून ठेविला आहे. आषाढात नाणेघाटात जाऊन पाहावे. वारा जोराचा असला म्हणजे कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता उलट वर उडते. कोकणातून आलेला वारा उभ्या कड्याशी अडतो व त्यास वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जो चढतो तो पलीकडे उतरतोही. आणि नदीतील खडकावरून गेलेले पाणी जसे पुढे दूरवर उंचसखल होत जाते, तसा तोही पुष्कळदा लाटा घेत जातो. डोंगर नसला म्हणून हेलकावे चुकतातच असे नाही. आमच्या परभणी जिल्ह्यात देवगाव फाट्याच्या बाजूस वैशाखात काळी जमीन तापली की वावटळी उठतात. तसल्याच तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा दुपारच्या विमानास हिसके देते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून आपले एका इंजिनाचे लहानसे पुस मॉथ विमान जुहूस उतरविले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल घेऊन, सह्याद्री ओलांडून, बेल्लारीमार्गे मद्रासेस गेले. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानाचा आश्रय करावा लागे. डोंगरावरच्या वाऱ्याचे शास्त्र त्या काळी वैमानिकांच्या हाती फारसे आलेले नव्हते; होती ती नजर आणि अनुभव.

पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १९३३ रोजी, बिहारातील पूर्णियाहून निघालेली दोन इंग्रज विमाने एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. शिखराजवळ उतरत्या वाऱ्याने त्यांस एकाएकी हजाराहून अधिक फूट खाली ओढले. इंजिने पूर्ण वेगात चालू असता हे घडले! त्याच वर्षी जर्मनीत वुल्फ हिर्थ यांच्यासारख्या, इंजिनावाचून उडणाऱ्या वैमानिकांस डोंगरापलीकडे उंच नेणाऱ्या हवेच्या लाटा सापडल्या व पुढे योआखिम क्यूटनर यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. एकास जी खाली ओढी, तीच शक्ती दुसऱ्यास वर नेई. येथून या भयास नाव मिळू लागले. पुढे आपल्या हवामान खात्यातील आर. पी. सरकार यांनी १९६० नंतरच्या दशकात पश्चिम घाटावरील अशाच लाटांचे व पावसाचे गणित मांडले.

शास्त्र आले म्हणून संकट संपले नाही. ५ मार्च १९६६ रोजी जपानात फुजी पर्वताजवळ, आकाश निरभ्र असता, एक बोइंग विमान प्रचंड वाऱ्याने मोडून पडले व १२४ जीव गेले. ही घटना विसरता कामा नये. मात्र तिच्याशी दुसऱ्या अपघातांची गल्लत होते. ७ जुलै १९६२ रोजी आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर एक इटालियन विमान आदळून ९४ माणसे मेली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर डॉ. होमी भाभा यांचे विमान आदळले. या दोहोंत विमान वाऱ्याने मोडले नव्हते. आपण नेमके कोठे आहो याचा अंदाज चुकून ते डोंगरास भिडले होते. हेलकावा हे अपघाताचे पहिले पाऊल, अशी जी समजूत मनात घर करून बसते, ती अशा गल्लतीतून निपजते.

आज प्रवासी विमानाचा सांगाडा नेहमीच्या भाराच्या अडीचपट भार सोसेल असा रचितात व त्यावर आणखी दीडपट सामर्थ्य राखून ठेवितात. पंख लवतात ते मोडू नयेत म्हणूनच. पुढे गेलेला वैमानिक मागच्यास हेलकाव्यांची वर्दी देतो, आणि विमान उंची वा मार्ग बदलते. प्रवाशास खरी इजा बहुधा होते ती पट्टा न बांधल्याने. तेव्हा ज्याच्या मनात भय आहे त्याने आसनावर बसल्यापासून पट्टा बांधून ठेवावा, शक्य तर पंखाजवळची जागा घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. आणि सकाळचे विमान धरावे.

भय वाटणे हा दुबळेपणा नव्हे. ज्यांनी त्या भयास प्रश्न विचारले, त्यांनीच आपणा सर्वांचा मार्ग सुरक्षित केला. घाटमाथ्यावर विमान डोलू लागेल तेव्हा नाणेघाटातील ते वर उडणारे पाणी आठवावे. खाली तोच वारा आहे, आणि आता तो अनोळखी राहिलेला नाही.