दुर्बिणीची बैठक

गेल्या श्रावणात कल्याणहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वय वर्षं ब्याऐंशी. नेहमी आधी गुडघ्यांची, मग मधुमेहाची आणि शेवटी राजकारणाची चौकशी करतो. त्या दिवशी यातलं काहीच नाही. "तू इतिहासाचा मास्तर ना? मग अण्णांच्या रायफलीच्या दुर्बिणीची बैठक कुठे मिळते ते शोधून काढ," एवढंच बोलला आणि फोन ठेवला.

मी आयुष्यभर पोरांना पानिपत आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. बंदुकीचा आणि माझा संबंध एन.सी.सी.च्या कवायतीपुरता. पण दादाचा हुकूम, म्हणून शोधाला लागलो. त्या शोधात जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. नातेवाईकांपैकी काहींना अण्णा आठवत असतील, त्यांच्यासाठी विशेष.

अण्णा म्हणजे मावशीचे यजमान. कल्याणला लाकडाची वखार आणि मुरबाड-शहापूरच्या जंगलात ठेकेदारी. १९४८ साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ही रायफल विकत घेतली. जर्मनीतल्या ऑबर्नडॉर्फ गावच्या मॉझर कारखान्याची, आणि तिच्यावर दुर्बीण. दुर्बिणीच्या नळीवर 'वेट्झलार' असं कोरलेलं आहे. हे गाव भिंगांचं. पुढे जगभर गाजलेला लायका कॅमेरा १९२५ साली याच गावातून बाजारात आला. आम्ही मुलं सुट्टीत पारनाक्यावरच्या वाड्यात जायचो, तेव्हा अण्णा महिन्यातून एकदा ओसरीवर चटई टाकून रायफल पुसायचे. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. दुर्बीण रायफलीवर बसताना 'टक्' असा आवाज यायचा, तेवढा ऐकायला आम्ही दाराशी उभे राहायचो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि अण्णांची शिकार संपली. रायफल परवान्यावर राहिली, पण कपाटात गेली. दोन वर्षांनी दादाने, तेव्हा तो तिशीतला, दुर्बीण साफ करायला म्हणून खाली घेतली. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, ती काढायची होती. त्यासाठी त्याने दोन्ही कड्या आणि खालचे पाय सोडवून डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले. तो डबा पुढे कधी सापडलाच नाही. अण्णांनी एकदाच विचारलं, "बैठक कुठे ठेवलीस?" दादाने सांगितलं, शोधतो. अण्णा पुन्हा त्या विषयावर कधी बोलले नाहीत. त्यांच्यानंतर परवाना दादाच्या नावावर झाला, वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली. दुर्बीण आपल्या चामडी पेटीत वेगळी आणि रायफल वेगळी, अशी पन्नास वर्षं गेली.

मला आधी वाटलं, यात काय एवढं? सायकलचं पेडल हरवलं तर दुकानातून नवीन आणतो, तसंच. पण तसं नाही, आणि का नाही, हाच या गोष्टीतला खरा इतिहास आहे.

या बैठकीला नख्यांची बैठक म्हणतात. रायफलीच्या पाठीवर पुढे एक आणि मागे एक असे पोलादाचे दोन ठोकळे पक्के बसवलेले असतात, त्यांना खाचा असतात. दुर्बिणीच्या कड्यांना खालून नख्या. पुढच्या नख्या खाचेत तिरक्या घालायच्या, मग दुर्बीण मागे खाली दाबायची, की स्प्रिंगची कडी अडकते. तोच तो टक्. वाटेल तेव्हा दुर्बीण काढता येते आणि परत बसवली की नेम जिथे होता तिथेच. जंगलात वीस-पंचवीस पावलांवर जनावर समोर आलं तर दुर्बीण अडचणच, म्हणून ही सोय.

आता ही नखी खाचेत इतकी नेमकी बसवायची कशी? कारागीर दिव्याची काजळी नखीवर धरायचा, ती खाचेत घालायचा आणि बाहेर काढून बघायचा. जिथली काजळी पुसली तिथे पोलाद टेकतंय. तिथे कानस मारायची, पुन्हा काजळी, पुन्हा कानस. दाताच्या डॉक्टरकडे नवी कवळी बसवताना तो निळा कागद चावायला देतो ना, अगदी तसं. जर्मनीतलं झूल आणि ऑस्ट्रियातलं फेरलाख ही गावं अशा कारागिरांची. म्हणजे अण्णांच्या रायफलीची बैठक फक्त अण्णांच्याच रायफलीची. शेजारी तसलीच मॉझर ठेवली तरी तिची बैठक हिला लागणार नाही. आणखी एक अडचण. आजच्या दुर्बिणींच्या कड्या बहुतेक एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर, नाहीतर ३० मिलिमीटरच्या. जुन्या जर्मन नळ्या २२, २६, २६.५ अशा मापांच्या. तयार कडी आणली तर एक तर घट्ट, नाहीतर ढिली.

गंमत अशी, की 'एकाचा भाग दुसऱ्याला चालला पाहिजे' ही कल्पना बंदुकीच्याच धंद्यात वाढली. १७८५ साली पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील असलेले थॉमस जेफर्सन यांनी ओनोरे ब्लाँ नावाच्या फ्रेंच कारागिराचा कारखाना पाहिला. तिथे बंदुकीच्या चापांचे सुटे भाग ढिगातून हवे तसे उचलून त्यांनी स्वतः चाप जोडून बघितले, आणि ते जुळले. त्यांनी हे मोठ्या उत्साहाने मायदेशी कळवलं. पुढे अमेरिकेतल्या सरकारी शस्त्रशाळांनी हे तंत्र मुरवलं आणि तिथून ते शिवणयंत्रं, सायकली, मोटारी असं सगळीकडे पसरलं. १८४१ साली इंग्लंडमध्ये व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवून दिलं. दुर्बिणीची बैठक मात्र या वाटेने फार उशिरा गेली. अमेरिकन सैन्याने पिकॅटिनी पट्टीचं माप ठरवलं ते थेट १९९५ साली. आज त्या मापाची कुठलीही कडी त्या मापाच्या कुठल्याही पट्टीवर बसते.

हे सगळं मी दादाला फोनवर समजावून सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मला शिकवतोस?" बरोबर होतं त्याचं. दादाची सगळी नोकरी अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतल्या टूलरूममध्ये गेली. 'गो' आणि 'नो-गो' गेज लावून हजारो भाग तपासले. एकाचा भाग दुसऱ्याला लागला नाही तर तो भंगारात, हाच त्याचा धर्म. आणि त्याच्याच घरातली ही एक वस्तू, जिला कुठलंच गेज नाही!

वागळे इस्टेटमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप आहे. (१९६२ साली एम.आय.डी.सी. स्थापन झाली, तिची ही पहिली वसाहत. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं तिथे कामाला लागली.) तो म्हणाला, "सर, ड्रॉइंग द्या, दोन दिवसांत करून देतो." पण ड्रॉइंग कुठलं? ते कधी नव्हतंच. बरं, रायफलच त्याच्याकडे नेऊन ठेवावी तर कायदा आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची.

ठाण्यात या कायद्याला जुनी आठवण आहे. १८७८ च्या लिटनच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. मग ज्यांना ते हवं होतं त्यांनी चोरून आणलं. १९०९ साली नाशिकला जॅक्सनवर चाललेलं ब्राउनिंग पिस्तूल असंच लंडनहून आलेलं. त्या खटल्यात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या भिंतीवरून जाताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं. असो.

शेवटी दक्षिण मुंबईत एक परवानाधारक कारागीर सापडले. सत्तरीचे, कानसा वडिलांच्या. दादा परवाना आणि रायफल घेऊन टॅक्सीने, मी सोबतीला. त्यांनी रायफल हातात घेतली, खाचांवरून अंगठा फिरवला आणि दोन मार्ग सांगितले. एक, जुने ठोकळे काढून नवी भोकं पाडायची आणि आजची पट्टी बसवायची. आठवड्याचं काम. दुसरा, आहेत त्या खाचांना हाताने नवे पाय घडवायचे. दिवाळी उलटेल. मला वाटलं, पहिला बरा. दादाचं वय, आणि परवान्याची मुदत फेब्रुवारीत संपणार. मुलगी कॅनडात, मुलगा पुण्यात, दोघांनाही रायफल नको. नूतनीकरण न करता ती रीतसर जमा करायची, हे दादाने ठरवून टाकलं होतं. जमा करायची वस्तू, तिच्यासाठी चार महिने कशाला?

दादा मात्र लगेच म्हणाला, "भोक पाडायचं नाही." मग थोड्या वेळाने, "मी हरवलं ते मूळचं होतं. त्यात आता आणखी खराबी नको."

परतताना मी त्याला मनातलं विचारलं. हे जीव घ्यायचं हत्यार, त्याचा इतका लळा कशाला? २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. आपण त्याची वस्ती खाल्ली, आणि अण्णांनी तर त्याच्या भाईबंदांना मारलं. दादा म्हणाला, "मारणं वाईटच होतं. म्हणून तर बहात्तरनंतर अण्णांनी ती उचलली नाही. पण ज्याने हे पाय घासले त्याने कुणाला मारलं नव्हतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

दिवाळी उलटली, नाताळही गेला. जानेवारीत निरोप आला. आम्ही गेलो. कारागिरांनी दुर्बीण पुढून तिरकी घातली, मागे दाबली. टक्. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज होता की नाही, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादाने काही म्हटलं नाही. त्याने रायफलीचा खटका काढून ठेवला, रायफल लाकडी घोडीवर टेकवली आणि आधी नुसत्या नळीतून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण नळीच्या मधोमध आणलं. मग रायफल न हलवता दुर्बिणीतून पाहिलं. "डावीकडे जातंय," तो म्हणाला. या जुन्या दुर्बिणींत फक्त वर-खाली करायची सोय असे, डावं-उजवं बैठकीतच जुळवायचं. कारागिरांनी मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला. दादाने पुन्हा नळीतून पाहिलं, पुन्हा दुर्बिणीतून. असं चार वेळा. गोळी झाडायची नव्हती, गोळ्याच नव्हत्या. तरी नेम बरोबर लागेपर्यंत तो उठला नाही.

मग चष्मा पुसत म्हणाला, "झालं. आता द्यायला हरकत नाही."

फेब्रुवारीत रायफल रीतसर जमा झाली. पावती दादाने अण्णांच्या फोटोमागे ठेवली आहे.

तुमच्या घरी अशी अर्धी राहिलेली एखादी वस्तू असेल, आणि तिचा उरलेला अर्धा कुठल्या डब्यात गेला हे सांगणारं कुणी अजून असेल, तर विचारून घ्या. आणि जमलं तर इथे लिहा, वाचायला आवडेल.