तेलाचा डाग आणि धोब्याची माती

लढायांवर आपण इथे पुष्कळ बोललो. आज एका डागावर बोलायचं आहे. इभ्रतीवरचा वगैरे नाही, शर्टावरचा. मटणाच्या रश्श्याचा.

साल 1984. मी मेरठला लेफ्टनंट होतो. उन्हाळ्यातली डिनर नाइट, अंगात पांढरा शर्ट, कमरेला कमरबंद, आणि चमचा घसरला. दोन दिवसांनी ब्रिगेड कमांडर जेवायला येणार होते आणि माझ्याकडे तसा शर्ट एकच. रात्री खोलीवर येऊन मी गरम पाणी घेतलं, साबण लावला आणि जीव तोडून चोळलं. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. आणखी चोळलं, तर आणखी लाल.

सकाळी आमच्या युनिटच्या धोब्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, दोआबातलाच. त्याने शर्ट उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "साहब, ये एक दाग नहीं, दो हैं. एक तेल का, एक हल्दी का. पहले तेल निकलेगा." मग त्याने डागावर कोरडी मुलतानी माती जाडसर थापली आणि शर्ट तसाच ठेवून दिला. हात लावायचा नाही, अशी मला ताकीद. दुसऱ्या दिवशी पहाटे माती झटकली, रिठ्याच्या थंड पाण्यात डाग खळबळला, सोड्याच्या पाण्यातून काढला आणि ओलाच शर्ट उन्हात पसरला. दुपारपर्यंत दोनदा पाणी शिंपडलं. संध्याकाळी मी तोच शर्ट घालून जेवायला गेलो.

त्याने जे केलं त्याचं शास्त्र मला पुढे समजलं. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणजे तेल हे त्या रंगाचं वाहन. वाहन कपड्यात असेपर्यंत रंग हलणार नाही. मुलतानी माती तेल शोषून घेते. रिठ्यात फेस करणारं सॅपोनिन असतं, ते उरलेलं तेल पाण्यात ओढतं. हळदीला मात्र ऊन सोसत नाही, उन्हात तिचा रंग तुटतो. आणि डाग लाल का झाला? आपल्या घरी हळदीत चुना कालवून कुंकू करत, ते आठवा. कपड्याचा साबण खारट गुणाचा, चुन्याच्या जातीचा. मी त्या रात्री शर्टावर कुंकूच करत बसलो होतो.

आता इतिहास. मेरठ, बुलंदशहर, अलीगढ या पट्ट्यात ऊसर जमिनी आहेत. उन्हाळ्यात तिथे जमिनीवर पांढरी पूड फुलून येते. तिला म्हणतात रेह. तिच्यात सोडा असतो. जिथे रेह येते तिथे पीक येत नाही, म्हणून शेतकरी तिला शिव्या घालतो. 1854 साली गंगेचा कालवा सुरू झाला, जमिनीखालचं पाणी वर चढलं आणि काही भागांत रेह आणखी पसरली. पण शेतकरी जिला शिव्या घालायचा, तीच माती धोबी गोळा करून न्यायचा. मळके सुती कपडे या मातीच्या किंवा सज्जीच्या पाण्यात भिजवायचे आणि भट्टीवर वाफ द्यायची. खार आणि तेल तापले की त्यांचा साबण होतो. म्हणजे कपड्यावरच्या तेलाचाच साबण करायचा आणि त्याच साबणाने कपडा धुवायचा. मला युद्धशास्त्रातही इतकी चलाख गोष्ट फारशी भेटली नाही. मात्र रेशमाला आणि लोकरीला हा खार चालत नाही, धागा खातो. म्हणून पैठणीला रिठा, आणि आमच्या हिवाळी अंगोला शर्टालाही रिठाच.

ही विद्या काही उत्तरेचीच नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. उल्केने झालेलं ते सरोवर इतकं खारट की त्याच्या काठावरून सोडा काढत. अकबराच्या दरबारात अबुल फजलने 'आईने अकबरी' लिहिली, तिच्यात वऱ्हाडच्या वर्णनात लोणार येतं, आणि तिथे काच आणि साबण करायचं सगळं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. आपला परीट आणि इथला धोबी, दोघांच्या हाती एकच खार होता. बिब्बाही दोघांच्या हाती. बिब्ब्याच्या रसाने आणि चुन्याने कपड्यावर खूण करायची, ती भट्टीतही जात नाही. कुठला डाग काढायचा आणि कुठला कधीच निघू द्यायचा नाही, दोन्ही त्यालाच ठाऊक.

मेरठकडे परत येतो. 1803 च्या सप्टेंबरात पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली, दोआब आपल्या हातून गेला आणि लवकरच मेरठला इंग्रजांची छावणी पडली. (मी आज राहतो त्या नोएडातच त्या लढाईचं स्मारक आहे, गोल्फच्या मैदानात. त्यावर स्वतंत्र बोलेन.) 1857 च्या 10 मे रोजी याच छावणीत काडतुसांच्या चरबीवरून भडका उडाला. आणि 1879 साली याच मेरठमध्ये नॉर्थ वेस्ट सोप कंपनी निघाली, देशातल्या पहिल्या आधुनिक साबण कारखान्यांपैकी एक. गोऱ्या पलटणी हे शेजारचं हक्काचं गिऱ्हाईक, असा माझा कयास. पण विलायती साबण म्हणजे बहुतेक वेळा चरबी, आणि बावीस वर्षांपूर्वीचं काडतूस लोक विसरले असतील असं मला वाटत नाही. 1888 मध्ये कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या पेट्या उतरल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण काढला आणि सोवळ्याच्या घरांचा प्रश्न सुटला.

1959 साली सर्फ आलं, 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा काढली आणि पुढे ती घरोघर गेली. दिल्लीच्या आसपास पावडर जिंकण्याला एक साधं कारण आहे. बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाची साय धरते, फेस होत नाही. डिटर्जंटला त्याचं काही वाटत नाही. धोब्याची भट्टी विझली ती अशी.

मी कालिंदी कुंजच्या पुलावरून अनेकदा जातो. छठच्या दिवसांत यमुनेवर पांढऱ्या फेसाचे डोंगर असतात आणि बायका त्यात उभ्या राहून अर्घ्य देतात. तो फेस गटाराच्या मैल्याचा आणि आपल्या धुण्याचा. 2021 च्या जूनमध्ये दिल्लीत मानकात न बसणाऱ्या डिटर्जंटवर बंदी आली. फेस त्यानंतरही पाहिला आहे. रिठ्याने नदी तरली असती असं मी म्हणणार नाही. एवढ्या शहराला पुरतील इतके रिठे आणायचे कुठून? पण एका तेलाच्या थेंबासाठी अख्खी बादली पावडर लागते, हे आपल्याला कोणी शिकवलं?

इंग्रज अधिकाऱ्यांनी रेहमध्ये कोणता क्षार किती, याची पृथक्करणं करून छापली. कोणत्या कापडाला किती रेह, भट्टी किती वेळ, हा हिशेब मात्र धोब्याच्या हातातच राहिला. मीही काही वेगळा नाही. दोन वर्षं माझे कपडे त्या माणसाने धुतले आणि मी एक ओळ लिहून घेतली नाही. बदलीचा हुकूम आला, ट्रंक भरली आणि निघालो. त्याला शाबासकी दिली, विचारलं काही नाही.

घरी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर मुलतानी मातीचा डबा असतो, सौ. त्याला "मेरठचा डबा" म्हणते. परवा नातवाच्या शाळेच्या शर्टावर पनीरची ग्रेव्ही सांडली. रात्रभर माती, सकाळी रिठा, मग गॅलरीत दोरीवर. नोव्हेंबरातलं इथलं ऊन तुम्हाला माहीत आहे, धुरातून गाळून येतं. तीन दिवस लागले.