खर्डा, मसुदा आणि लेखनसीमा

परवा आमची सहावीतली नात निबंधाची वही घेऊन सोप्यात बसली होती. एक ओळ लिहायची, खोडरबराने पुसायची, पुन्हा लिहायची. अर्ध्या तासात वहीचे पान विरायला आले, पण दुसरी ओळ काही उमटली नाही. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, पान खराब झालं तर मार्क जातात."

मी म्हटले, "अगं, आधी खर्डा कर."

"खर्डा? मिरचीचा?"

घरात हशा पिकला. पण तिचे फारसे चुकले नव्हते. आपल्या भागात मिरची जाडीभरडी ठेचली की खर्डा होतो, आणि मजकूर जाडाभरडा लिहून काढला तरी खर्डाच होतो. शेजारच्या कन्नड कचेरीत कच्च्या मजकुराला 'करडु' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थही खडबडीत, ओबडधोबड असाच. हे दोन शब्द शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

आपण समजतो की निबंधाची आखणी, कच्चे लेखन आणि दुरुस्ती हे सारे इंग्रजी शाळेबरोबर आले. निबंध हा शालेय प्रकार त्या वाटेने आला हे खरे. पण लिहिण्याची ही शिस्त आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि ती दप्तरात होती.

'निबंध' हा शब्दच पाहा. निबंध म्हणजे नीट बांधलेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा अवाढव्य ग्रंथ रचला. विखुरलेली धर्मवचने विषयवार लावून एकत्र बांधणाऱ्या अशा ग्रंथांना निबंधच म्हणत. कागदपत्रे कशी लिहावीत, कोणाला कोणता मायना घालावा, याचे नियम सांगणारी 'मेस्तके'ही परंपरेने याच हेमाडपंताच्या नावाशी जोडली गेली. बांधणी आणि लेखनाची रीत या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेने एकाच माणसाच्या पदरी घातल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढे मराठेशाहीत ही रीत पक्की झाली. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले. अशा दप्तरांत ठायी ठायी 'याद' भेटते. सांगायच्या गोष्टी कलमवार मांडायच्या आणि कलमाकलमाशी झालेला निर्णय टिपून ठेवायचा. आज शाळेत ज्याला मुद्दे काढणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

मुद्दे जुळले की मसुदा. मसुदा हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ 'काळा केलेला'. खाडाखोडीने काळवंडलेला तो मसुदा. त्यावरून केलेल्या स्वच्छ प्रतीला त्या भाषेत 'पांढरी केलेली' अशा अर्थाचा शब्द आहे. आधी काळे, मग पांढरे! मोडीत तर शब्द न तोडता, विरामचिन्हांवाचून ओळ सलग धावे. मध्येच नवे वाक्य घुसवायला जागा कुठली? कच्चा कागद वेगळा ठेवणे हाच शहाणपणा होता.

बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका बहुतेकांनी ऐकली असेल. महाराजांनी सांगितलेले पत्र कामाच्या गर्दीत लिहायचे राहून गेले. रात्री महाराजांनी ते वाचायला सांगितले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून पत्र घडाघडा 'वाचून' दाखवले. मशालजीला हसू आवरले नाही आणि गुपित फुटले. ही गोष्ट आपण स्मरणशक्तीची म्हणून सांगतो. मला ती आखणीचीही वाटते. पत्रात काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, हे ज्याच्या मनात ठरले आहे त्यालाच कोरा कागद वाचता येतो.

दुरुस्तीचा मोठा दाखलाही त्याच काळातला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास कारभाराच्या भाषेतले फारसी शब्द बाजूला ठेवून संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, पेशव्याचा मुख्य प्रधान. पण पुढे काय झाले? प्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले, आणि मसुदा मसुदाच राहिला. पुष्कळ बदलले, काही टिकले. जे जिभेवर रुळले होते ते कोशानेही खोडले गेले नाही.

एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हीच शिस्त नव्या निबंधाला दिली. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुतेक सारा मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा. एखादा विषय महिनोन् महिने अंकाअंकातून चालायचा. आधी आखणी केल्याशिवाय हे जमत नसते. 'लेखनशुद्धि' हाही त्यांच्या निबंधाचा एक विषय होता, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

एवढा वारसा असताना आपण मुलांना काय देतो? थेट पांढरी प्रत. मी लहान असताना सुट्टीवरच्या निबंधात लिहिले होते, "आम्ही संतेला गेलो." आमच्या गावात आठवड्याच्या बाजाराला सगळे संतेच म्हणत. गुरुजींनी त्या शब्दावर तांबडी काट मारून वर 'आठवडी बाजार' लिहिले. शब्द बरोबर होता, शुद्ध होता. पण त्या दिवसापासून कितीतरी वर्षे मी वहीत घरचा शब्द लिहिला नाही. निबंध बिनचूक झाले आणि दुसऱ्याचे झाले.

दुभाषी घरांतल्या मुलांची अडचण हीच असते. मनात शब्द येतो कन्नड, ओळ चाललेली मराठी, वर वर्गाची धास्ती. मग मूल लिहायचेच टाळते, आणि आपण म्हणतो, याचे मराठी कच्चे. मराठी कच्चे नसते. कच्चे लिहायला त्याला जागाच दिलेली नसते. खर्ड्यात शब्द कुठल्याही दाराने यावेत. कोणता ठेवायचा आणि कोणता बदलायचा, हे नंतर ठरवता येते. जो मसुदा आपण खरा मराठी समजतो, त्याचे नावच अरबी आहे, हे मुलांना सांगावे.

आणि थांबायचे कुठे, तेही जुन्या कागदांनी ठरवून ठेवले होते. पत्र संपले की शेवटी मर्यादेचा शिक्का उठे. 'लेखनसीमा' अशी अक्षरे त्यावर असत. त्यापुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून ही खूण. दुरुस्तीलाही शेवट असावा लागतो.

नातीला मी जुन्या डायरीची कोरी पाने दिली. तिने पाच मुद्दे काढले, दोन पाने काळी केली आणि तिसऱ्या दिवशी वहीत उतरवले. तिच्या निबंधातही आजी 'संतेला' गेली होती. मी विचारले, "हा शब्द ठेवायचा का गं?"

थोडा विचार करून ती म्हणाली, "ठेवू या. आजी तसंच म्हणते."