पाथरीचे कुलकर्णी, गिलानचा व्यापारी आणि दख्खनमधला ‘परका कोण?’ हा वाद

पाथरी म्हटले की बहुतेकांना जानेवारी २०२० मधला साईबाबांच्या जन्मस्थळाचा वाद आठवतो. परभणी जिल्ह्यातील या गावाचे नाव त्याआधी पाचशे वर्षांपूर्वी एका लढाईमुळे गाजले होते. गाव सोडून गेलेल्या कुलकर्ण्यांचे वंशज राजे झाले आणि आपले गाव मागू लागले, हे त्या लढाईचे कारण. हा थ्रेड त्या घराण्याचा आणि त्याच्या अवतीभोवती वावरलेल्या देशोदेशीच्या स्थलांतरितांचा.

फरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी : अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. ते गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेले. कारण मात्र फरिश्ता स्पष्ट करत नाही. पुढच्या काळात काहींनी त्याचा संबंध दुष्काळाशी जोडला. कुलकर्णपण म्हणजे गावाचा हिशेब, हक्काचे उत्पन्न आणि पिढीजात मान. एवढे वतन मागे टाकून एखादे कुटुंब तुंगभद्रेच्या मुलुखात जाते, तेव्हा घरात किंवा गावात काहीतरी मोठे बिनसलेले असते, एवढे मात्र निश्चित.

त्या कुटुंबातील भैरवाचा मुलगा तिमाप्पा. बहमनी सुलतान अहमदशहा वली (१४२२ ते १४३६) याच्या फौजेने विजयनगरच्या मुलुखातून त्याला लहानपणीच कैद करून नेले. तो मुसलमान झाला, मलिक हसन हे नाव त्याला मिळाले आणि राजपुत्राच्या संगतीत त्याचे शिक्षण झाले. त्याच्या नावापुढे ‘बहरी’ लागले. कोणी म्हणतात तो ‘भैरव’चा अपभ्रंश, कोणी म्हणतात शाही ससाण्यांची देखरेख त्याच्याकडे होती म्हणून. मराठीत बहिरी ससाणा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

एका पिढीने गाव सोडले ते बहुधा नाइलाजाने, दुसरीला तर बेड्या घालून नेले. स्थलांतराच्या या दोन तऱ्हा एकाच घराच्या वाट्याला आल्या.

आता बीदरच्या दरबाराकडे वळू. तेथे दोन तट होते. एक ‘दख्खनी’, दुसरा ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’, म्हणजे इराण, इराक, मध्य आशियातून आलेले परदेशी. यातील गंमत अशी की ‘दख्खनी’ म्हणवणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज मुहम्मद तुघलकाच्या काळात, म्हणजे अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, उत्तरेतून आलेले होते. समुद्रापलीकडून आलेले हबशीही याच तटात मोडत. आधी आलेला स्थानिक आणि नंतर आलेला परका, एवढीच ती रेषा होती. मात्र तिच्यासाठी सांडलेले रक्त खरे होते. अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत (१४३६ ते १४५८) कोकणच्या मोहिमेत शिर्के आणि खेळण्याच्या राजाकडून मार खाऊन काही आफाकी चाकणला परतले. हे लोक फितूर झाले आहेत, अशी कागाळी दख्खनी सरदारांनी सुलतानाकडे केली आणि त्यांची तेथे सरसकट कत्तल झाली. तेच चाकण आज मोटारींच्या कारखान्यांसाठी आणि देशभरातून आलेल्या कामगारांसाठी ओळखले जाते.

या वातावरणात बहमनी राज्याचा कारभार हाती आला महमूद गवान याच्या. हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला, बीदरला गेला आणि पुढे वजीर झाला. बीदरमध्ये त्याने १४७२ साली पूर्ण केलेल्या मदरशाची उरलेली भिंत आणि मिनार आजही इराणी फरशीकामाचे निळे तुकडे मिरवतात. जमिनीची मोजणी, महसुलाची व्यवस्था, किल्ल्यांवरील सुभेदारांच्या अधिकारांना लगाम, असे बरेच काही त्याने आणले. शिवाय नेमणुका करताना दख्खनी आणि आफाकी यांत तोल राहील याची त्याने काळजी घेतली. परदेशी वजिराने स्थानिकांचा वाटा राखावा, हे त्या दरबारात विरळाच होते.

पण त्याने चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले. त्यात तेलंगणाचे दोन तुकडे झाले आणि मलिक हसनच्या हाती त्यातला राजमहेंद्रीचाच राहिला. भांडणाचे मूळ येथे आहे. ‘परदेशी विरुद्ध स्थानिक’ ही घोषणा मोठी होती, पण तिच्या तळाशी अर्धा झालेला सुभा होता. ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे एक बनावट पत्र तयार झाले. गवानच्या शिक्क्याची राखण करणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का आधीच मिळवला होता. सुलतानाने चौकशी केली नाही. एप्रिल १४८१ मध्ये गवानचा शिरच्छेद झाला.

या कटात दख्खनी पक्षाचा म्होरक्या होता मलिक हसन. पाथरीहून विजयनगर, विजयनगरहून बीदर अशी वाट चाललेल्या घराण्यातला हा माणूस ‘स्थानिकां’चा नेता म्हणून एका ‘परदेशी’ माणसाच्या मरणाला कारण झाला. पाचच वर्षांनी, १४८६ साली, बीदरमध्ये त्याचाही खून झाला. बहमनी राज्य मात्र गवानच्या मृत्यूनंतर सावरले नाहीच.

हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि त्याने अहमदनगर वसवले. हे कळताच विजयनगरकडचे नातलग अहमदनगरला आले आणि त्यांनी पाथरीची आठवण दिली. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर असताना इमादशहाला कळवण्यात आले की पाथरी आम्हाला द्यावी, मोबदल्यात दुसरा परगणा घ्यावा. इमादशहाने नकार दिला आणि बंदोबस्त वाढवला. १५१८ साली बुऱ्हाणने चालून जाऊन पाथरी घेतली आणि आपल्या ब्राह्मण नातलगांकडे सोपवली. इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला हाही विजयनगरच्या मुलुखातून पकडून आणलेला, मूळचा ब्राह्मण मुलगा. एका उखडलेल्या घराचा वंशज दुसऱ्या उखडलेल्या घराच्या वंशजाशी एका गावासाठी लढला.

बुऱ्हाणच्या दरबारात (१५१० ते १५५३) परागंदा माणसांना मोठे स्थान मिळाले. इराणात जिवावर बेतल्यामुळे पळून आलेला शाह ताहिर त्याचा सल्लागार झाला. त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाणने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. दुसरा होता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचे आईवडील स्पेनचे ज्यू. १४९२ च्या हकालपट्टीत ते पोर्तुगालला आले आणि तेथे त्यांना बळजबरीने कॅथलिक व्हावे लागले. ओर्ता सालामांका विद्यापीठात शिकला, १५३४ मध्ये गोव्यात पोहोचला आणि बुऱ्हाणवर उपचार करण्यासाठी अहमदनगरला जात असे. भारतीय औषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला.

याच सालामांकात त्या दिवसांत एक वेगळाच विचार मांडला जात होता. फ्रान्सिस्को द व्हिटोरिया या डॉमिनिकन धर्मगुरूने १५३९ च्या व्याख्यानात प्रतिपादले की कोणाचे नुकसान न करणाऱ्या माणसाला परक्या देशात जाण्याचा, राहण्याचा, व्यापार करण्याचा हक्क आहे. पाहुण्याला वाईट वागवणे सर्वच राष्ट्रे अमानुष मानतात. हद्दपारी ही मोठी शिक्षा आहे, म्हणून निरपराध्याला ती देता येत नाही. शिवाय परक्याचे मूल ज्या नगरीत जन्मले, तेथील नागरिकत्व त्याला नाकारू नये. लॅटिनमध्ये या हक्काचे नाव ‘इउस पेरेग्रिनांदी’. योगायोग असा की बहिरी ससाण्याच्या शास्त्रीय नावातही हाच ‘पेरेग्रिनुस’, म्हणजे प्रवासी, दडलेला आहे.

हा युक्तिवाद तितका निर्मळ नव्हता. अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश लोकांना मूळ रहिवाशांनी अडवले तर युद्ध न्याय्य ठरते, असा निष्कर्षही त्यातून निघत होता. तलवार घेऊन आलेल्याला ‘पाहुणा’ म्हणणे कोणालाही खटकेल. या विचाराचा खरा कस लागला तो घरच्या गरिबांबाबत. १५४० च्या कायद्याने कास्तीलमध्ये गरिबांनी आपापल्या गावीच भिक्षा मागावी असे ठरले. व्हिटोरियाचा सहकारी डोमिंगो द सोतो याने १५४५ मध्ये त्याला विरोध केला. गुन्हा नसताना कोणालाही गावाबाहेर काढता येत नाही, आणि काही मुलूख गरीब असतात, काही संपन्न, मग गरीब मुलखातल्या माणसाने जायचे कुठे, असा त्याचा सवाल होता. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघणाऱ्या टोळ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. पुढे पोप बारावे पायस यांच्या १९५२ च्या ‘एक्सुल फामिलिया’ आणि तेविसावे जॉन यांच्या १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या दस्तऐवजांत स्थलांतराचा हक्क कॅथलिक शिकवणीचा अधिकृत भाग झाला.

पण सोळाव्या शतकातल्या गोव्यापर्यंत सालामांकाची ही शिकवण पोहोचली नव्हती. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन सुरू झाले. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना गुप्तपणे ज्यू धर्म पाळते या आरोपावरून जिवंत जाळली गेली. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. व्हिटोरिया आणि हे न्यायाधीश एकाच धर्मसंस्थेचे होते.

अहमदनगरही निर्दोष राहिले नाही. १५८९ मध्ये तेथील राजाचा खून झाला, जमालखानाच्या दख्खनी पक्षाने शहर ताब्यात घेतले आणि परदेशी दिसेल त्याला कापून काढले. त्यातून वाचलेल्यांत कास्पियन काठच्या अस्त्राबादचा एक तरुण होता. वडिलांचे बोट धरून तो लहानपणी अहमदनगरला आला होता आणि राजाच्या रक्षकदलात चाकरी करत होता. त्याच वर्षी तो विजापूरला पोहोचला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने त्याला दख्खनचा आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहिण्याचे काम दिले. त्याचे नाव मुहम्मद कासिम, टोपणनाव फरिश्ता. आपल्या माणसांची कत्तल ज्या राज्यात झाली, त्या राज्याच्या राजांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.