एका खोलीतील सहवास : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात विद्यार्थी-निवासाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासात शाळा, अभ्यासक्रम, परीक्षा आणि अनुदाने यांची नोंद सविस्तर केली जाते. विद्यार्थी रात्री कोठे निजला, कोणाशेजारी निजला आणि कोणाच्या माठातील पाणी प्याला, याची नोंद मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या कुलाबा, म्हणजेच १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीचा संदर्भ घेऊन, अनेक विद्यार्थ्यांनी एकच खोली वाटून घेण्याच्या प्रथेचा विचार करावयाचा आहे. दाटीवाटीचा निवास गरजेतून जन्मास येतो. परंतु त्याचा सामाजिक परिणाम खोलीच्या लांबी-रुंदीवर नव्हे, तर त्या खोलीत कोणास प्रवेश मिळतो यावर ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे.

गावची खोली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या किनाऱ्यावरील मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे तर रेवस किंवा धरमतर गाठून मुंबईची वाट धरावी लागे. महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रोह्याहून मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये आले आणि १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. परंतु सर्वांनाच अशी अनुकूलता नव्हती. सामान्य कुटुंबातील मुलाचा आधार म्हणजे गिरणगावातील चाळीत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली. भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, तिच्यावर वळकटी, जेवण खाणावळीत आणि झोप गिरणीच्या पाळीप्रमाणे, अशी तेथील व्यवस्था असे. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याची जागा दुसऱ्यास मिळे.

अशा टंचाईत अभ्यासाची वेळही जागेवर अवलंबून असे. सावित्रीच्या दक्षिणेकडील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब परळच्या चाळीत एकाच खोलीत राहत असे. भीमराव लवकर निजत आणि वडील रामजी त्यांना पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासास उठवीत, हे त्यांच्या चरित्रांतून प्रसिद्ध आहे. खोलीत शांतता केवळ त्याच वेळी लाभत असे.

गावच्या खोलीने शेकडो मुलांना आसरा दिला, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि तिची मर्यादाही स्पष्ट आहे. ती गावाची, बहुधा भावकीची आणि म्हणून जातीची खोली होती. माणसे खांद्याला खांदा लावून निजत; पण उंबरठ्याच्या आत कोणी यावे, हे गावानेच ठरविलेले असे.

वसतिगृहाची दोन रूपे

ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न वसतिगृहांच्या चळवळीत दिसतात. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जातवार वसतिगृहांवर टीका करताना त्या काळाची अडचण ध्यानात घ्यावी लागते. अन्यथा पालकांनी मुले धाडली नसती आणि त्या त्या समाजातून देणग्याही मिळाल्या नसत्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सातारा येथे पुढचे पाऊल टाकले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. दरम्यान डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले होते.

महाडचा धडा

याच वर्षांत रायगड किनाऱ्यालगतच्या महाडमध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झालेल्या सी. के. बोले यांच्या ठरावात सार्वजनिक पाणवठे व शाळा यांच्याबरोबर धर्मशाळांचाही समावेश होता. पाणी आणि निवारा हे एकाच हक्काचे भाग आहेत, ही जाण त्यात दिसते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी पिईपर्यंत तो कागदावरच होता. त्यानंतरही न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. तळ्याच्या काठी ज्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते मिश्र वसतिगृहातील मुले खोलीतल्या माठापाशी रोज करीत होती. सहनिवासाचे ऐतिहासिक मोल येथे आहे.

स्वातंत्र्योत्तर चित्र

१९६० च्या दशकाच्या आरंभी अलिबाग व महाड येथे महाविद्यालये निघाली. पुढे रयत शिक्षण संस्था पनवेल आणि उरणजवळील फुंडे येथे पोहोचली. १९८९ साली लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर प्रवाहाची दिशाही काही अंशी उलटली. शिकण्यासाठी कोकण सोडणाऱ्या मुलांबरोबरच राज्याच्या अन्य भागांतील मुले शिकण्यासाठी कोकणात येऊ लागली.

अलीकडे वसतिगृहांतील जागा अपुऱ्या पडल्यामुळे शासनाने निर्वाह भत्त्याचा मार्ग स्वीकारला आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना हे त्याचे उदाहरण. प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यास हे साहाय्य अत्यावश्यक आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु भत्त्यातून भाड्याची खोली मिळते, सोबती मिळत नाहीत. भाड्याच्या खोलीत सोबती निवडताना विद्यार्थी साहजिकच आपल्या गावचे, आपल्या ओळखीचे निवडतो. घरमालकही आडनाव विचारतो. अशा रीतीने गावची खोली नव्या रूपात परत येण्याचा संभव आहे.

समारोप

दाटीचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. एका खोलीत मावतील त्याहून अधिक विद्यार्थी कोंबणे हा अन्यायच आहे. मात्र जागा वाढविताना मिश्र निवासाचे तत्त्व हरवू नये. खोल्यांचे वाटप ओळखीने न करता चिठ्ठ्या टाकून करणे, हा महाविद्यालयांच्या हातातील साधा उपाय आहे. तसेच वसतिगृहांच्या जुन्या प्रवेश-वह्या व खानावळीचे हिशेब रद्दीत न घालता जतन केले, तर कोणी कोणाबरोबर राहून शिक्षण घेतले, याचा इतिहास आधारासह लिहिता येईल.