लामांचे पूरक पोषण

लामांचे पूरक पोषण : लामाच्या नेहमीच्या चाऱ्यातून जी जीवनसत्त्वे व खनिजे त्याला पुरेशी मिळत नाहीत, ती वेगळी खाऊ घालण्याची अथवा टोचण्याची पद्धत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात लामा सु. सहा ते सात हजार वर्षांपूर्वी माणसाळला गेला. परंतु ही पद्धत जेमतेम अर्ध्या शतकाची आहे. शिवाय तिचा बराचसा विकास लामाच्या मूळ देशात न होता, तो जेथे नव्याने नेण्यात आला त्या देशांत झाला. या दोन गोष्टींचा निकटचा संबंध आहे. विशिष्ट उंची, ऊन व गवत यांना अनुरूप झालेले शरीर दुसरीकडे नेले असता कोठे उणे पडते, हे हळूहळू उमगत गेले व त्यातूनच पूरक पोषणाचे शास्त्र उभे राहिले.

लामा (शास्त्रीय नाव लामा ग्लामा) हा उंटाच्या कुलातील प्राणी असून अल्पाका, ग्वानाको व व्हिकुन्या हे त्याचे जवळचे आप्त होत. तो रवंथ करतो. पण त्याच्या जठराचे गायी-मेंढ्यांप्रमाणे चार नव्हे, तर तीन कप्पे असतात. निकृष्ट, तंतुमय गवतापासूनही तो पोषण मिळवू शकतो व शरीराच्या मानाने थोडेच खातो. त्याचा रोजचा कोरडा चारा वजनाच्या सु. दीड ते दोन टक्के भरतो. कमी खाण्यात निभावणारा प्राणी म्हणून पाळणाऱ्यांना तो सोयीचा वाटला. परंतु चाऱ्यात एखादे खनिज विरळ असेल, तर कमी खाणाऱ्याच्या पोटात ते आणखी कमी जाते, ही त्या सोयीची दुसरी बाजू बऱ्याच उशिरा लक्षात आली.

पुना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सु. ४,००० मी. उंचीवरील गवताळ प्रदेशात लामा व अल्पाका यांचे कळप शतकानुशतके इचू नावाच्या ताठ गवतावर आणि बोफेदाल म्हणजे बारमाही ओलसर कुरणांवर पोसले गेले. इंका राज्यात सरकारी कळपांची गणती गाठी मारलेल्या दोऱ्यांवर (कीपूवर) ठेवली जाई. जनावराला मीठ लागते हे तेथील गुराख्यांना ठाऊक होते. खारट मातीच्या जागा (कोल्पा) कळपांच्या ओळखीच्या असत. बोलिव्हियातील ऊयूनीच्या विस्तीर्ण मिठागरातून मिठाच्या लाद्या लादून लामांचे तांडे खालच्या खोऱ्यांत जात व बदल्यात मका घेऊन परतत. प्रत्येक जनावरावर सु. २५ ते ३० किग्रॅ. ओझे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालमोटारींनी हा व्यापार बव्हंशी संपविला. मीठ वगळता खनिजे वेगळी चारण्याची गरज या गुराख्यांना भासली नाही. याचा अर्थ तेथील चारा परिपूर्ण होता असा मात्र नाही. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत इचूमधील प्रथिने व फॉस्फरस बरेच घटतात, जनावरे रोडावतात आणि पावसाबरोबर पुन्हा सावरतात. अशा चढउतारांतून टिकलेल्या जनावरांचीच पुढची पिढी निपजत गेली.

स्पॅनिश विजयानंतर कळपांची मोठी वाताहत झाली. १५४४-४५ च्या सुमारास काराचे या खरजेच्या साथीने असंख्य जनावरे मेल्याचे व त्यांवर डुकराची चरबी चोळण्याचा उपाय योजल्याचे वर्णन इंका गार्सिलासोने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. ही साथ परजीवी कीटकांमुळे झाली असावी. तिचा आहाराशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि कातडी जाड होणे, खपल्या धरणे व लोकर झडणे ही लक्षणे जस्ताच्या उणिवेतही दिसतात, त्यामुळे आजही पशुवैद्य आधी खरजेचे किडे तपासतो व मगच जस्ताचा विचार करतो.

अँडीजबाहेर : एकोणिसाव्या शतकात ही जनावरे यूरोपातील खाजगी प्राणिसंग्रहांत पोहोचली. चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याने निर्यातबंदी चुकवून सु. अडीचशे अल्पाका व त्यांचे संकर १८५८ मध्ये सिडनीस उतरविले. पण तो उद्योग काही वर्षांतच बारगळला. उत्तर अमेरिकेत विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्र-मालकाच्या कॅलिफोर्नियातील सॅन सीमिऑन येथील संग्रहात लामा होते. लाळ-खुरकुताच्या भीतीने १९३० च्या सुमारास तेथील आयात थांबली, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे देशात असलेल्या थोड्या जनावरांचीच वीण वाढत राहिली. १९७० नंतर ऑरेगन व लगतच्या राज्यांत सामान वाहण्यासाठी, लोकरीसाठी आणि पुष्कळदा केवळ हौसेखातर लामा पाळण्याची प्रथा पसरली. १९८४ मध्ये चिलीतून आयात पुन्हा सुरू झाली. एका जनावराला मोठी किंमत येऊ लागल्याने आजारी पिलू पशुवैद्याकडे नेणे मालकाला परवडू लागले. लामाच्या पोषणाविषयीचे बरेचसे ज्ञान या हौशी कळपांतून आले, पुनावरील गरीब गुराख्यांच्या कळपांतून नव्हे, हे नमूद केले पाहिजे. पेरूमधील संशोधकांपुढील प्रश्न निराळे होते. त्यांचे लक्ष प्रजनन, परजीवी आणि अल्पाकाची पिले मोठ्या संख्येने मारणारी आंत्रविषबाधा यांवर केंद्रित झाले होते.

मरी फाउलर या कॅलिफोर्नियातील पशुवैद्याचा दक्षिण अमेरिकी उष्ट्रकुलातील प्राण्यांच्या वैद्यकावरील ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत, आणि नंतरही बराच काळ, लामाला काय व किती द्यावे याचे आकडे मेंढी, शेळी व गाय यांच्या कोष्टकांवरून बेतले जात. ही उसनवारी कधी निभावली, तर कधी प्राणघातक ठरली.

ड जीवनसत्त्व व मुडदूस : थंड प्रदेशांतील कळपांत तीन ते सहा महिन्यांची काही पिले वाढेनाशी होत, पाठीला बाक काढून उभी राहत, चालण्यास नाखूष असत आणि आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडत. पुढच्या पायांचे गुडघे सुजत व पाय वाकत. हा मुडदूसच होता. परंतु त्याची तऱ्हा चमत्कारिक होती. रक्तातील कॅल्शियम बहुधा ठीक असे, फॉस्फरस मात्र फार खाली गेलेला आढळे. चाऱ्यात फॉस्फरस पुरेसा असतानाही असे घडे. न्यूझीलंडमधील अल्पाकांत असा मुडदूस १९९४ मध्ये वर्णिला गेला. १९९६ मध्ये ऑरेगनमधील संशोधकांनी लामा व अल्पाका यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व मोजून मूळ उणीव त्याचीच असल्याचे दाखविले. ड जीवनसत्त्वाअभावी आतड्यातून फॉस्फरस शोषला जात नाही व हाडे मऊ राहतात.

मुडदूस व सूर्यप्रकाश यांचा संबंध वैद्यकाला नवा नव्हता. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्यांच्या पिलांत आहाराने मुडदूस उत्पन्न करून दाखविला, त्याच वर्षी कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुलांचा मुडदूस जंबुपार किरणांनी बरा केला, आणि १९२२ मध्ये मकॉलम यांनी या द्रव्याची वेगळी ओळख पटवून पुढे त्याला ड हे नाव दिले. माणसाप्रमाणेच जनावराच्या त्वचेतही जंबुपार किरणांमुळे हे जीवनसत्त्व तयार होते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढावाला जंबुपार किरणांची तीव्रता सु. १० टक्क्यांनी वाढते. पुना एक तर विषुववृत्ताजवळ व दुसरे म्हणजे ढगांच्या उंचीवर. तेथे दाट लोकर व गडद त्वचा हे या जनावरांचे रक्षण होते. तेच संरक्षण ऑरेगनच्या ढगाळ हिवाळ्यात, जेथे सूर्य क्षितिजालगतच राहतो, पिलाच्या जिवावर उठले. उणीव गवतात नव्हती. आकाशात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या उलगड्याला आणखी एक पदर आहे. लामाचा गर्भावधी सु. साडेअकरा महिन्यांचा असतो. अँडीजमध्ये बहुतेक पिले डिसेंबर ते मार्च या पावसाळी, म्हणजेच दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याच्या महिन्यांत जन्मतात. हिरवे गवत व माथ्यावरचे ऊन त्यांना एकदमच लाभते. नव्या देशांतील मालक मात्र सोयीप्रमाणे वर्षभर केव्हाही माद्या फळवीत. वसंतात जन्मलेले पिलू हिवाळ्यापूर्वी काही महिने उन्हात काढी, तर शरद ऋतूत जन्मलेले पिलू वाढीच्या ऐन वेगात असताना अंधाऱ्या दिवसांत सापडे. रोगी पिलांत शरद व हिवाळ्यात जन्मलेल्यांचाच भरणा का असे, याचे कारण हे होय. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑरेगनच्या पाहणीत वर्षभराचे मोजमाप होते. रक्तातील ड जीवनसत्त्व ऋतूंबरोबर खालीवर होते व फॉस्फरस त्याच्या मागोमाग जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये इंजेक्शनाच्या मात्रेचा अभ्यास झाला. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे १,००० आंतरराष्ट्रीय एकके ही मात्रा आता रूढ झाली आहे. ड जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने एका इंजेक्शनाचा परिणाम काही आठवडे टिकतो. मात्र याच गुणधर्मामुळे जादा मात्रा शरीरातून लवकर बाहेरही पडत नाही. घाईने अथवा दुहेरी मात्रा दिलेल्या पिलांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम साचून ती दगावल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

सिलिनियम, तांबे व जस्त : सिलिनियम हे एके काळी केवळ विष मानले जाई. १९५७ मध्ये श्वार्झ व फोल्ट्झ यांनी ते उंदरांना आवश्यक असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ऑरेगनमधील संशोधकांनी कोकरांचा पांढऱ्या स्नायूंचा रोग त्याच्या अत्यल्प मात्रेने टळतो हे दाखवून दिले. त्या भागातील माती सिलिनियमच्या दृष्टीने दरिद्री आहे, आणि नेमक्या त्याच भागात पुढे लामांचे मोठे कळप वाढले, हा योगायोग लामांना लाभदायक ठरला. मेंढ्यांसाठी झालेले काम तयारच होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सिलिनियम पशुखाद्यात मिसळण्यास १९७४ मध्ये प्रथम परवानगी मिळाली, तीही ठरावीक जनावरांपुरती. त्याची आवश्यक व विषारी मात्रा यांतील अंतर थोडे असल्याने ते ई जीवनसत्त्वाबरोबर व मोजूनमापूनच द्यावे लागते.

तांब्याच्या बाबतीत उसनवारी घातक ठरली. गायी व घोडे यांना तांबे बऱ्यापैकी मानवते, म्हणून त्यांच्या खनिज मिश्रणात ते सढळ हाताने घातलेले असते. लामा आकाराने व वागण्याने घोड्याशेजारी शोभतो, त्यामुळे त्याच्या गव्हाणीत तेच मिश्रण पडे. १९८९ मध्ये चार लामांना झालेल्या तांब्याच्या विषबाधेचा वृत्तांत अमेरिकी पशुवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेंढीत यकृतात साठलेले तांबे एकाएकी रक्तात उतरले, की तांबड्या पेशी फुटतात, मूत्र लाल होते व मालक सावध होतो. लामात ही खूण सहसा दिसत नाही. यकृत आतल्या आत निकामी होते आणि बाहेरून धडधाकट दिसणारे जनावर अचानक मरते. उलटपक्षी तांबे अगदी कमी झाले, तर लोकर निस्तेज होते व रक्तक्षय होतो; चाऱ्यातील मॉलिब्डेनम जास्त असल्यास ही उणीव अधिक जाणवते. तेव्हा तांबे द्यावे की नाही, हे चाऱ्याची व शक्य तर यकृताची तपासणी केल्यावाचून ठरविणे धोक्याचे आहे.

जस्ताच्या उणिवेने नाक, पोट व मांड्यांची कातडी जाड होऊन भेगाळते. लसूणघासावर पोसलेल्या जनावरांत हे अधिक आढळते, कारण तिच्यातील भरपूर कॅल्शियम जस्ताच्या शोषणात अडथळा आणते. म्हणजे ‘उत्तम’ चारा घातल्यामुळेही उणीव उद्भवू शकते. जस्त दिल्यावर कातडी सुधारण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ब गटातील जीवनसत्त्वे जठरातील सूक्ष्मजीवच तयार करतात. एकदम भरपूर धान्य घातल्याने सूक्ष्मजीवांचे संतुलन ढळले, तर मात्र थायामीन कमी पडून मेंदूला सूज येते व जनावर आंधळे होऊन कोसळते. लगेच थायामीन टोचल्यास पुष्कळदा ते वाचते.

देण्याची रीत : गायी-म्हशींसाठी गोठ्यात टांगलेली खनिजांची चाटण-वीट लामाच्या फारशी उपयोगी पडत नाही. त्याची जीभ तोंडाबाहेर फार थोडी येते. नवजात पिलालाही मादी गायीप्रमाणे चाटत नाही. त्यामुळे विटेऐवजी सुटे, दाणेदार मिश्रण पावसापासून आडोसा असलेल्या खोक्यात ठेवतात. मिश्रणात मीठ हे आमिष असते. जनावर मिठासाठी येते व त्याबरोबर इतर खनिजे खाते. ज्या भागात पाणी वा माती मुळातच खारट असते, तेथे ही युक्ती फसते. शिवाय कळपातील दांडगे जनावर जास्त खाते व लाजरे उपाशी राहते. म्हणून अनेक पाळणारे थोड्या खुराकात मिसळून प्रत्येकाला वेगळे देणे पसंत करतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने लहान रवंथी प्राण्यांच्या पोषणगरजांविषयीच्या २००७ च्या अहवालात लामा व अल्पाका यांचा प्रथमच समावेश केला. मेंढी व गाय यांच्याविषयी अशी कोष्टके कित्येक दशके उपलब्ध होती. या अहवालातही बरेच आकडे अन्य प्राण्यांवरून अनुमानिलेले आहेत.

पूरकांचा पसारा वाढला, तसा त्यांचा अतिरेकही वाढला. एकाच जनावराला मिश्रण, तयार खाद्य व इंजेक्शन अशा तीन वाटांनी तेच द्रव्य दिले जाते व बेरीज कोणी करत नाही. पुनावर याच्या उलट स्थिती आहे. तेथील लामाला ड जीवनसत्त्व टोचण्याची गरज नाही, ऊन मुबलक आहे. त्याला कोरड्या महिन्यांत चारा हवा असतो, आणि बोफेदाल आटले तर कोणतेही मिश्रण त्याची जागा घेऊ शकत नाही. थंड देशांतील अनेक पाळणाऱ्यांनी आता माद्या अशा बेताने फळविण्यास आरंभ केला आहे, की पिले वसंताच्या अखेरीस वा उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मावीत. अशा पिलांना पहिल्या हिवाळ्यापूर्वी उन्हाचे चार-पाच महिने मिळतात व इंजेक्शनांची संख्या कमी होते.