दोन वर्षांचे न्यायाधीश

तुंबलेले खटले निकाली निघावेत म्हणून १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने उच्च न्यायालयांत ‘अतिरिक्त न्यायाधीश’ आणले. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. खटले काही ओसरले नाहीत, तात्पुरते पद मात्र पक्के झाले. नेमणुकीतल्या वशिलेबाजीवर मोतीलाल सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८ सालीच बोट ठेवले होते. आता मुदतवाढ सरकारच्या हाती असल्याने नेमल्यानंतरही न्यायाधीशाला धाकात ठेवायची सोय झाली.

आणीबाणीत ती वापरली गेली. पत्रकार कुलदीप नय्यर यांची अटक बेकायदा ठरवणाऱ्या दिल्लीच्या दोन न्यायमूर्तींपैकी एस. रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली. दुसरे, आर. एन. अगरवाल, अतिरिक्त होते. त्यांना थेट सत्र न्यायाधीशाच्या खुर्चीत परत बसवले. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश उमेश लळित यांना कायमच केले नाही. ते पुन्हा वकिलीकडे वळले.

इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यावर कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी १८ मार्च १९८१ रोजी मुख्यमंत्र्यांना पत्र धाडले: अतिरिक्त न्यायाधीशांकडून परराज्यात जाण्याची लेखी संमती घ्या, पसंतीची तीन न्यायालयेही विचारा. कारण दिले राष्ट्रीय एकात्मतेचे. मुदत संपत आलेल्या माणसाकडून, तेही राजकारण्यामार्फत, मागितलेली संमती कितपत खुशीची असणार? मुंबईचे वकील खवळले. इक्बाल छागला आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे आले. दिल्लीच्या एस. एन. कुमार यांना मुदतवाढ नाकारल्याचा वादही त्यातच होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड कुमारांच्या बाजूने होते, दिल्लीचे मुख्य न्यायाधीश विरुद्ध. न्यायालयाने गोपनीय पत्रव्यवहार उघड करायला लावला, तेव्हा दिल्लीच्या मुख्य न्यायाधीशांनी कायदामंत्र्यांना पाठवलेले एक पत्र चंद्रचूडांना दाखवलेच नव्हते, हे बाहेर आले. यामुळे सल्लामसलतच सदोष ठरते, असे सातांपैकी एक न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी बजावले. पण ते अल्पमतात राहिले. ३० डिसेंबर १९८१च्या निकालाने नेमणुकांतला अखेरचा शब्द सरकारच्या पदरात टाकला. कुमार गेले ते गेलेच.

१९९३ साली नऊ न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला आणि नेमणुकांची शिफारस करणारा ज्येष्ठ न्यायमूर्तींचा न्यायवृंद (कॉलेजियम) आला. शिफारस अडवून धरण्याची सरकारी हातोटी मात्र सुटली नाही. उमेश लळितांचे चिरंजीव उदय लळित २०२२ साली सरन्यायाधीश झाले. पण उच्च न्यायालयांतले बहुतेक नवे न्यायाधीश आजही आधी ‘अतिरिक्त’ म्हणूनच शपथ घेतात आणि घटनेच्या कलम २२४ मधली दोन वर्षांची मर्यादा तशीच आहे.